मे महिन्यात गरीब आरोपींच्या बचावाचं काम कुठे शिकता येईल?

प्रश्न (विधी, तिसरं वर्ष, सातारा):
एक महिना मोकळा आहे. मोठ्या फर्ममध्ये जायचं नाही. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचं फौजदारी काम जवळून बघायचंय. अर्ज कुठे करू?

उत्तर १:
जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. सचिवांच्या नावे अर्ज आणि कॉलेजचं पत्र घेऊन स्वतः जा. नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०२२ च्या योजनेतून अनेक जिल्ह्यांत गरीब आरोपींचा मोफत बचाव करणारी लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झालीत, तिथेच काम मागा. दिवाणी कोर्टांना सुट्टी असली तरी रिमांड, म्हणजे आरोपीच्या कोठडीची सुनावणी, थांबत नाही.

मी असाच एक महिना काढला. एका गवंड्याच्या हाताखालच्या पोराला पंधरा हजारांवर जामीन मिळाला होता, तरी तो आतच. गावाकडून जामीनदार कोण येणार? तिथल्या वकील मॅडमनी जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडण्याचा अर्ज माझ्याकडून चार वेळा लिहून घेतला. तो सुटला त्या दिवशी चपलाही नव्हत्या त्याच्या पायात. तो अर्ज मी अजून जपून ठेवलाय.

उत्तर २:
जाण्याआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ नीट वाच. पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्यासाठी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनावर सोडण्याची तरतूद त्यात आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही.

प्रश्नकर्ती:
धन्यवाद दादा. सोमवारीच अर्ज घेऊन जाते.