शिंकान्सेन चुकली तर लगेच नवीन तिकीट काढू नका

जपानमध्ये क्योतोला शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) चुकली म्हणून चौघांची तिकिटं परत काढली असं एकाने लिहिलंय ते वाचून हळहळ वाटली, कारण साधं रिझर्व्हेशनचं तिकीट असेल तर गाडी चुकली तरी त्याच दिवशीच्या नंतरच्या गाडीच्या अनरिझर्व्हड डब्यात बसता येतं, जादा पैसे लागत नाहीत. फक्त ते डिस्काउंटवालं तिकीट नको, त्यांचे नियम वेगळे असतात. आणि गोल्डन वीक (एप्रिल-मेच्या सुट्ट्या), ओबोन (ऑगस्टमधला पूर्वजांचा सण), न्यू इयरच्या गर्दीत नोझोमी या सर्वात जलद शिंकान्सेनला अनरिझर्व्हड डबेच नसतात, तेव्हा दारापाशी उभं राहून जायची तयारी ठेवा.

गाडी दोन तास किंवा जास्त लेट झाली तर एक्स्प्रेस चार्ज (मूळ भाड्यावर जलद गाडीसाठी घेतलेले जादा पैसे) परत मिळतो बरं का, तिकीट फेकू नका.

तोहोकूकडे (जपानच्या ईशान्य भागाकडे) जाणार असाल तर डब्याचा नंबर नीट बघा. हायाबुसा आणि कोमाची या दोन शिंकान्सेन टोकियोहून जोडून निघतात आणि मोरिओकाला वेगळ्या होतात, एक आओमोरीकडे आणि दुसरी आकिताकडे. म्हणजे चुकीच्या डब्यात निवांत झोपलात तर झालंच कल्याण :)

सामान विसरलं तर घाबरू नका, उतरल्याउतरल्या स्टेशनवरच्या माणसाला गाडीचं नाव-नंबर, डबा आणि सीट सांगा, ते पुढच्या स्टेशनला कळवतात. इंग्लिश जमत नसेल तरी मोबाईलवर तिकिटाचा फोटो दाखवला की काम होतं, म्हणून गेटमध्ये तिकीट घालायच्या आधी फोटो काढून ठेवा, कारण शेवटच्या गेटला मशीन ते गिळून टाकतं.