मदत हवी आहे: पुस्तकातले चॅप्टर स्कॅन करून मुलांना दिले तर चालतं का?

नमस्कार मंडळी, मी राहते ठाण्यात आणि नेरुळला एका कॉलेजात एमएच्या मुलांना शिकवते. रीडिंग लिस्टमधलं एक पुस्तक साडेतीन हजाराचं, लायब्ररीत एकच कॉपी, तीपण पानं सुटलेली, रबरबँड लावून ठेवलेली. म्हणून त्यातले दोन चॅप्टर मोबाईलवर स्कॅन करून वर्गाच्या ग्रुपवर टाकले तर ऑफिसातून लगेच फोन, मॅडम कॉपीराइट आहे, काढून टाका. काढलं बाबा.

पण १९५७ च्या कायद्यात कलम ५२ खाली शिकवण्यासाठी शिक्षक-विद्यार्थ्यांना कॉपी करायची सूट आहे ना? दिल्ली युनिव्हर्सिटीच्या झेरॉक्सवाल्याची केस आठवतेय का, तिथे समोर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारखे प्रकाशक होते तरी २०१६ ला हायकोर्टाने कोर्सपॅकच्या (वेगवेगळ्या पुस्तकांतले अभ्यासाचे भाग झेरॉक्स करून एकत्र बांधलेला गठ्ठा) बाजूने निकाल दिला. आमचे एक सर छातीठोकपणे सांगतात "दहा टक्केच चालतं", मला तर त्या कलमात असा आकडा कुठे दिसला नाही.

आता झेरॉक्सची सूट पीडीएफलापण लागते का, लिंक फक्त वर्गापुरती ठेवली तर? आणि ऑफिसला लेखी काय द्यायचं? कुणी लायब्ररीत नाहीतर वकिलीत असेल तर प्लीज सांगा, सोमवारी प्रिन्सिपलना भेटायचंय.