शिकारीचं धनुष्य: त्यावर काय चढवलंत, काय उतरवलंत?

धागाकर्ती:

नवं कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य हातात आलं की खरा गोंधळ तिथून सुरू होतो. साइट (नेम धरायच्या पिनांची चौकट), रेस्ट (बाण टेकवायचा आधार), रिलीज (दोरी धरून सोडायचं साधन), पीप (दोरीत बसवलेलं, आरपार बघायचं भोक), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारी दांडी), भाता, मनगटाचा गोफ, दोरीचं मेण. विकणाऱ्याला विचारलं तर यातलं सगळंच लागतं, आणि व्हिडिओ बघत बसलं तर आणखी पाच गोष्टी लागतात. म्हणून जाणत्यांना आग्रहाचं आमंत्रण: तुमच्या धनुष्यावर काय टिकलं, काय उतरवून ठेवलंत, आणि मुख्य म्हणजे का, ते सविस्तर लिहा. कंपन्यांची नावं टाळू या, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल. शिकार करावी की नाही हा वादही इथे नको. जिथे परवानगी आहे तिथे परवाना काढून, नियमांत राहून करणाऱ्यांपुरतं बोलू.

सुरुवात मीच करते. माझ्या मते पहिला चांगला खर्च रिलीजवर करावा. साइट कितीही भारी असली तरी बाण सुटतो तो बोटातून. मी मनगटाला बांधायचा, तर्जनीने सोडायचा रिलीज वापरते. अंगठ्याने दाबायचे रिलीज अचूक असतात असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, पण ते खिशात राहतात, गवतात पडतात. मनगटाचा पट्टा हाताला बांधलेलाच असतो. पट्टा बकलचा घ्या. वेल्क्रो उघडताना जो चर्रकन आवाज होतो तो शांत रानात फार लांब जातो, शिवाय बकल रोज त्याच भोकात बसतं, त्यामुळे हाताची ठेवण बदलत नाही. ट्रिगरपर्यंतची लांबी अशी ठेवा की त्यावर बोटाचं टोक न येता दुसरं पेर यावं. टोकाने दाबलं की झटका बसतोच.

दोरीवर धातूचा नॉक पॉइंट (बाणाची खाच कुठे बसवायची त्याची खूण) लावून रिलीज थेट दोरीला अडकवण्यापेक्षा डी-लूप, म्हणजे दोरीवर छोटा फासा, बांधून घ्या. ओढ बाणाच्या बरोबर मागून येते आणि दोरीचं वेष्टणही झिजत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती लांब ओढायची ते माप. दोन्ही हात पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि २.५ ने भागा. हा अंदाज, नेमकं माप धनुष्य ओढूनच ठरतं. ते ठरल्याशिवाय पीप कुठे बांधायचं हेही ठरत नाही.

डावा डोळा:

थोडक्यात लिहितो. मी लिहितो-जेवतो उजव्या हाताने, पण माझा डावा डोळा प्रबळ आहे. दोन्ही तळहात पुढे धरून मध्ये छोटा त्रिकोण करा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू त्रिकोणातच दिसत राहते तो प्रबळ. मी त्यावरून सरळ डावरं धनुष्य घेतलं आणि सुखी आहे. हे आधी तपासा, कारण साइट काही वेळा दोन्ही बाजूंना बसते, पण रेस्ट बहुधा उजवा-डावा वेगळा असतो. सामान घेऊन बसल्यावर डोळा बदलता येत नाही.

संधिप्रकाश:

साइटबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नवख्याला पाच पिनांची साइट दिली जाते, जास्त पिना म्हणजे जास्त माल या हिशेबाने. माझ्या साइटवर तीन आहेत, २०, ३० आणि ४० यार्डांच्या, आणि ४० ची पिन मी सरावाला वापरतो, जनावरावर नाही. ज्या अंतरावर खात्रीने छोट्या ताटलीएवढ्या जागेत बाण बसत नाही त्या अंतराची पिन जंगलात कशाला हवी? ऐन वेळी छाती धडधडत असते आणि डोळा गर्दीतून चुकीची पिन उचलतो.

एकच पिन वर-खाली सरकवायची साइट डोळ्यापुढे स्वच्छ असते, ते मान्य. पण जनावर २० वरून चालत ३२ वर गेलं तर ती पुन्हा फिरवावी लागते, आणि त्यासाठी हात हलतो. जिथे बसून लांबवरचं मोकळं दिसतं तिथे ती छान. दाट झाडीत सगळं खेळणं २५ यार्डांच्या आत असतं, तिथे पक्क्या पिना बऱ्या.

आता पिनेची जाडी. सर्रास मिळतात त्या .०१९ इंची आणि .०२९ इंची. डोळ्यापासून पिन साधारण ३२ इंचांवर धरली तर ३० यार्डांवर पहिली सुमारे पाऊण इंचाहून थोडा कमी भाग झाकते, दुसरी जवळपास एक इंच. म्हणजे झाकण्याचा फरक शिकारीच्या अंतरावर किरकोळ आहे. फरक पडतो उजेडात: जाड तंतू तिन्हीसांजेला जास्त चमकतो. चाळिशीनंतर पिना पिसारल्यासारख्या दिसायला लागतात, अशांनी मात्र बारीक पिन आणि लहान पीप दोन्ही वापरून बघावं, कारण लहान भोकातून बघताना प्रतिमा रेखीव होते. पण लहान पीप उजेडही खातं. लक्ष्यावर नेम धरणारे १/८ इंचाचं किंवा त्याहून बारीक पीप वापरतात. शिकारीला ३/१६ किंवा १/४ इंच घ्या, कारण जनावर निघतं तेच मुळी उजेड जाता-येता.

पीपचं गोल आणि साइटच्या चौकटीचं गोल एकमेकांत नेमकं बसलं पाहिजे, कडेने बारीकशी उजेडाची रिंग दिसेल इतकं. साइट विकत घेताना हे कुणी बघत नाही. चौकट लहान आणि पीप मोठं असेल तर डोळा मधोमध येतोय की नाही हे कळतच नाही. पाण्याचा बुडबुडा, म्हणजे लेव्हल, असलेलीच साइट घ्या. उतारावर उभं राहिलं की धनुष्य नकळत कलतं आणि बाण त्या बाजूला जातो. आणि साइट जुळवताना नियम एकच: बाण जिकडे पडतोय तिकडे पिन सरकवा. डावीकडे पडला, पिन डावीकडे. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

बिस्किटवाला:

रेस्टवर माझं नाव बघून ओळखलं असेलच. बिस्किट म्हणजे गोल कडं, त्यात सगळीकडून ब्रशसारखे केस, मधल्या भोकात बाण. त्यात हलणारा भागच नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही. धनुष्य उलटं केलं, झुडपातून रांगत गेलो, झाडावर बसून थंडीने हात कापले, बाण जागचा हलत नाही. पिसारा केसांतून घासत जातो, वेग जरासा कमी होतो, प्लॅस्टिकची पिसं कालांतराने चुरगळतात. एवढंच. नवख्याने दुसरं काही बघूच नये असं माझं ठाम मत.

धागाकर्ती:

दादा, "बघूच नये" जरा जास्त होतंय 🙂

दोरी-दुरुस्ती:

मी लोकांची धनुष्यं जुळवून देतो, तर दोन्ही बाजू रोज बघतो. बिस्किट वाईट नाही. पण खाली पडणारा, म्हणजे ड्रॉप-अवे रेस्ट आता इतका नाजूक राहिलेला नाही. त्यात बाणाला सुरुवातीचा आधार मिळतो आणि पिसारा येईपर्यंत रेस्ट वाटेतून बाजूला झालेला असतो. घ्यायचा झाला तर लिंबला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजेला, बांधलेल्या दोरीचा घ्या. त्याची दोरी रेस्टला खाली धरून ठेवते, ताणताना लिंब वाकलं की ती सैल पडते आणि स्प्रिंग रेस्ट वर उचलते. जंगलात दोरी तुटलीच तर रेस्ट वरच राहतो आणि निदान बाण सोडता येतो. केबलला (चाकांना जोडणाऱ्या जादा दोरीला) बांधलेल्या प्रकारात दोरी रेस्टला वर ओढते, ती गेली की रेस्ट उठतच नाही. कोणताही घ्या, बाणाला चहूबाजूंनी वेढणारी चौकट असलेला घ्या.

आता माझं दुखणं. लोक साइटवर उधळतात आणि बाण मिळतील ते उचलतात. बाण किती ताठ, म्हणजे त्याचा स्पाइन, हा आकडा आधी समजून घ्या. २८ इंचांच्या अंतरावर दोन आधार देऊन मध्ये १.९४ पौंड वजन टांगलं आणि बाण ०.४०० इंच वाकला तर तो ४०० स्पाइनचा. म्हणजे आकडा जितका लहान तितका बाण ताठ. तुमचं ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारं बळ), बाणाची लांबी आणि पुढच्या टोकाचं वजन या तिन्हींवरून बाण बनवणाऱ्याच्या तक्त्यात तो शोधायचा. मित्राला चालला म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. बाण फार हलकाही नको. दर पौंड ड्रॉ वेटमागे बाणाचं वजन किमान ५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक) हा सर्वमान्य हिशेब, म्हणजे ६० पौंडाला ३०० ग्रेनच्या खाली जायचं नाही. त्याहून हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडल्यासारखंच, आणि रिकाम्या दोरीने लिंब फुटू शकतं. शिकारीला मी याहून बराच जड बाण सुचवतो: आवाज कमी, आत शिरतो जास्त.

कार्बनचा बाण दर वेळी सोडण्याआधी दोन्ही टोकांना धरून हलकासा वाकवा, कान लावा, बोट फिरवा. कडकड ऐकू आली की तो बाण संपला. तडकलेला बाण सुटताना फुटला तर तुकडे पुढच्या हातात घुसतात.

ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पात्यांचं टोक, १०० ग्रेनचं लावणार असाल तर सरावाचं टोकही १०० ग्रेनचंच. तरीसुद्धा हंगामाआधी खऱ्या ब्रॉडहेडने लक्ष्यावर मारून बघा. रेस्ट जरा जरी सरकलेला असला तर साधं टोक ते लपवून घेतं, स्थिर पात्याचं ब्रॉडहेड उघडं पाडतं. पाती घट्ट करायला त्याची प्लॅस्टिकची किल्ली मिळते, ती दोन-चार पैशांची वस्तू बोटं वाचवते.

बिनचाकी:

कंपाऊंडवाल्यांच्या गर्दीत एक रिकर्व्हवाला, म्हणजे टोकं पुढे वळलेलं बिनचाकी धनुष्य वापरणारा. हॉलेस विल्बर ॲलन या अमेरिकन माणसाने चाकांच्या धनुष्याचं पेटंट १९६६ साली मागितलं, १९६९ साली ते मिळालं. त्याआधीची सगळी माणसं तुमच्या यादीशिवायच शिकार करत होती हे नम्रपणे नोंदवतो.

माझी यादी: बोटांना चामड्याचा टॅब, पुढच्या हाताला आर्मगार्ड, दोरीवर केसाळ सायलेन्सर, आणि स्ट्रिंगर (धनुष्यावर दोरी चढवायचं साधन). शेवटची वस्तू अत्यावश्यक. पायात धनुष्य अडकवून दोरी चढवताना लिंब पिळतं, आणि निसटलं तर सरळ तोंडावर येतं. थंडीच्या जाड बाह्यांमुळे आर्मगार्डचं काम वाढतं, कमी होत नाही: दोरी बाहीला घासली तरी बाण भरकटतो. एक मात्र कबूल. ८० टक्के लेट-ऑफचं, म्हणजे पूर्ण ओढल्यावर तेवढी ओढ हलकी होणारं, कंपाऊंड ६० पौंडाचं असलं तरी पूर्ण ताणावर तुमच्या हातात १२ पौंडच राहतात. माझ्या बोटांवर सगळंच्या सगळं वजन असतं. त्यामुळे थांबून नेम धरायची चैन आम्हाला नाही.

नवखा:

छान माहिती. मला "शिकारीला तयार" असा पूर्ण संच मिळतोय, सगळं लावलेलं. घ्यावा का? आणि स्टॅबिलायझर आखूड येतोय, तो बदलू का?

संधिप्रकाश:

संच घ्या. त्यातली साइट आणि रेस्ट पहिल्या हंगामाला पुरतात. रिलीज बहुतेक संचात नसतो आणि बाण असले तरी तुमच्या मापाचे असतीलच असं नाही, त्यामुळे पैसा तिथे राखून ठेवा.

दोरी-दुरुस्ती:

स्टॅबिलायझर राहू दे. लक्ष्यावरचे लोक ३० इंची दांडी लावतात ती उगाच नाही: तेच वजन दुप्पट लांब नेलं तर धनुष्य वळवायला चौपट विरोध होतो. पण ती दांडी झुडपात अडकते. शिकारीला ६ ते १० इंच पुरेत. रबराचा गुटका मुख्यतः कंप शोषतो, त्याने हात स्थिर होईल ही अपेक्षा नको. उलट हे बघा: साइट आणि भाता सहसा एकाच बाजूला असतात, धनुष्य तिकडे झुकतं. भाता लावून शिकार करणार असाल तर सरावही भाता लावूनच करा. भात्याची टोपी खोल हवी, सगळी पाती आत झाकली गेली पाहिजेत. धनुष्य हलवून बघा, बाण खडखडले तर तो भाता नको.

आणि पीप बदलणं, दोरी बदलणं घरी करू नका. त्याला बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र) लागतो. मेण मात्र तुम्हीच लावा, दोरी केसाळ दिसायला लागली की. वेष्टण केलेल्या भागाला नको.

डावा डोळा:

रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, राहिला. डोंगराळ भागात कोन मोजणाराच घ्या. ३० अंशांच्या उतारावर खाली ३० यार्ड दिसत असेल तर नेम २६ चा धरायचा, कारण बाणाची घसरण आडव्या अंतरावर ठरते. अंतर मोजायचं ते जनावर येण्याआधी: बसल्या जागेवरून दोन-तीन झाडं, एखादा दगड मोजून ठेवा. साइटवरचा दिवा, पेटणारे नॉक (बाणाच्या मागच्या टोकाला दिवा असलेली खाच) वगैरे घेण्याआधी परवान्याची पुस्तिका वाचा. धनुष्यावर विजेवर चालणारं काही लावायला काही ठिकाणी बंदी असते.

बिस्किटवाला:

झाडावर बसणार असाल तर संपूर्ण अंगाचा हार्नेस. तो मिळेपर्यंत स्टॅबिलायझरबिबलायझर सगळं विसरा. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत दोराला अडकलेलं राहायचं. पडणारे बरेचजण चढता-उतरताना पडतात. धनुष्य हातात घेऊन चढू नका, वर बसून दोरीने ओढून घ्या, बाण न लावता, भात्याची टोपी घट्ट बसलीय ना बघून.

नवखा:

दोरी धनुष्याला कुठे बांधायची? साइटला?

बिस्किटवाला:

अजिबात नाही! साइट हलेल. वरच्या लिंबच्या टोकाजवळ कॅमच्या (चाकाच्या) आत आकडा अडकवा, दोरी आणि केबलपासून लांब. वर आलं की पिना जागेवर आहेत ना एकदा बघून घ्यायच्या, मग बाण लावायचा.