मिनिव्हॅन तापून बंद पडली, सेल्फ मारतोय पण पकडत नाही, कुणाला इंजिनातलं कळतं का?

फ्रिमाँटकर, रविवार

मंडळी नमस्कार,
काल नाटकाच्या सेटच्या चौकटी घेऊन एलएला निघालो होतो, आय-फाइव्हवर ग्रेपव्हाइनचा घाट चढताना आमची मिनिव्हॅन तापली. व्ही-सिक्स आहे, 2009 ची. एसी बंद करा अशी पाटी आहे ना तिथे, एसी बंदच केला होता पण बाहेर ऑगस्टचं ऊन आणि मागे लाकूड भरलेलं. काटा लालमध्ये गेला, मी शोल्डरला घ्यायला जागा बघतोय तेवढ्यात काटा आपोआप खाली आला म्हणून जरा हुश्श केलं तर इंजिनच बंद. धाडकन आवाज वगैरे काही नाही, नुसतं गप्प झालं. टो करून बेकर्सफील्डला एका मित्राच्या ड्राइव्हवेत आणून ठेवलीये. आज सकाळी गार झाल्यावर सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण पकडत नाही. सोमवारी मेकॅनिककडे द्यायच्या आधी निदान काय बोलायचं एवढं तरी कळावं म्हणून विचारतोय, नाहीतर तिथे नंदीबैलासारखी मान हलवत उभं राहायला लागतं.

सॅन रमोनकर, रविवार

अरे थर्मोस्टॅट अडकला असणार, शंभर टक्के. स्वस्तातला पार्ट आहे, बदलून टाक. आणि बॅटरीला जंप देऊन बघ, रात्रभर उभी होती ना. रेडिएटरमध्ये ओतायचं ते लीक बंद करणारं औषधही मिळतं दुकानात, एक बाटली ओत, एलएपर्यंत तरी पोचशील.

सनीव्हेलचे काका, रविवार

बाबा रे, ती बाटली अजिबात ओतू नकोस. ते औषध भोकं बुजवतं तसंच हीटर कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं आणि मग खरा रोग शोधायला गेलं की मेकॅनिक कपाळाला हात लावतो. थर्मोस्टॅटने गाडी तापेल हे खरं, पण गार झालेलं इंजिन दुसऱ्या दिवशी स्टार्ट का होऊ नये याचं उत्तर त्यात नाही. आणि बॅटरीचं म्हणशील तर तो स्वतःच सांगतोय की इंजिन फिरतंय.

मी पिंपरीला बरीच वर्षं इंजिन टेस्टबेडवर काढली त्यामुळे सवयीने आधी एकच विचारतो: तापली म्हणून बंद पडली, की जे बिघडल्यामुळे तापली त्यानेच बंद पाडली? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक हमखास पहिलीच धरून बसतात.

हायवेला चढावर तापली म्हणजे फॅनवर माझा संशय कमी, त्या स्पीडला वारा आपोआप लागतो, फॅन बिघडलेली गाडी सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये तापते. चढावर तापते तेव्हा कूलंट कमी, पंप कामातून गेलेला, नाहीतर रेडिएटर तुंबलेला. तुझा काटा खाली आला ना, ते गार होणं नव्हे. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असला तरच खरं तापमान सांगतो, कूलंट निघून गेलं आणि तो वाफेत उघडा पडला की काटा खोटंच खाली येतो. म्हणजे तेव्हा तुझ्या इंजिनात कूलंट जवळपास नव्हतंच असं धरून चाल.

आता तू पुन्हा सेल्फ मारू नकोस. हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) फाटून सिलिंडरमध्ये कूलंट उतरलं असेल तर पाणी दबत नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी मला एवढं सांग. सेल्फ मारल्यावर आवाज कसा होता? नेहमीसारखा ‘घुर घुर घुर’ असा ठेका होता, की मध्येच एखादा घुर गाळून लंगडत होता, की ‘ठक्’ होऊन अडला, की नुसतं सुसाट ‘विंऽऽऽ’? डिपस्टिक काढून बघ, ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसतंय का? (फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा पिवळट फेस असेल तर घाबरू नकोस, थंडीत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना तो येतोच.) आणि गाडीखाली कूलंट कुठल्या बाजूला सांडलंय, पुढे रेडिएटरकडे की बेल्टच्या बाजूला? रेडिएटरची टोपी इंजिन पूर्ण गार असेल तरच उघड. दाब असताना अर्धं-अर्धं कूलंट साधारण 129 डिग्री सेल्सियसपर्यंत उकळत नाही, टोपी उघडून दाब सोडलास की तेच 106 ला उकळतं, म्हणजे मधलं सगळं तुझ्या तोंडावर. मित्राकडे कुत्रं असेल तर सांडलेलं धुऊन काढा, चवीला गोड लागतं म्हणून ते चाटतात आणि ते विष असतं.

मिलपिटासची वहिनी, रविवार रात्री

काका, क्रँक सेन्सर (इंजिनाचा मुख्य दांडा फिरतोय हे कॉम्प्युटरला सांगणारा) राहिला का? आमच्या जुन्या गाडीचा तसाच गेला होता, गरम झाला की सिग्नल बंद, गाडी मेली, तासाभराने पुन्हा चालू. भावजी, ओबीडी रीडर (गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) मित्राकडे असेल तर लावून बघा, पी0335 आला तर तोच. आणि सेटच्या चौकटी उन्हात गाडीत ठेवू नका हो, रंग आत्ताच दिलाय.

फ्रिमाँटकर, सोमवार

चौकटी मित्राच्या गराजमध्ये सुखरूप आहेत वहिनी. काका, सेल्फ परत मारला नाही. तुम्ही म्हणता तसं आठवून बघितलं तर आवाज सुसाट ‘विंऽऽऽ’ असाच होता, ठेका काहीच नाही, मित्राची बायको म्हणाली शिवणयंत्र चालल्यासारखं वाटलं. ऑइल स्वच्छ आहे, पातळीही बरोबर. टोपी उघडली तर आत कूलंट दिसतच नाही. गाडीखाली उजवीकडे, म्हणजे बेल्टच्या बाजूला ओल आहे आणि तिथे गुलाबीसर पापुद्रा वाळलेला दिसतो, तो कालचा वाटत नाही, जुना असावा. रीडरवर पी0340 आलाय, क्रँक नाही तर कॅम सेन्सर. ऑनलाइन बघितलं तर सेन्सर बदला म्हणतात, मागवू का?

सनीव्हेलचे काका, सोमवार

मागवू नकोस. कोड म्हणतो कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, सिग्नल येत नाही. सेन्सर मेला असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. कॅम फिरतच नसेल तर बिचारा सेन्सर सिग्नल कुठून देणार?

तुझ्या व्ही-सिक्सला क्रँकवरून कॅम फिरवायला टायमिंग चेन नाही, रबरी बेल्ट आहे, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो. पंपाच्या बेअरिंगमागे एक बारीक भोक ठेवलेलं असतं, आतलं सील खचलं की तिथून कूलंट झिरपतं आणि वाळून असा पापुद्रा धरतो, म्हणजे पंप बरेच दिवस सांगत होता. घाटात कूलंट संपलं म्हणून तापली, त्यात पंपाचं बेअरिंग जाम झालं आणि बेल्टचे दात सोलले गेले असा माझा अंदाज. कॅम थांबला, व्हॉल्व्ह जिथल्या तिथे, काही उघडे राहिले, कॉम्प्रेशन नाही म्हणून स्टार्टरला कसलाच विरोध नाही आणि म्हणून तो विंऽऽऽ. हेड गॅस्केट एखाद्या ठिकाणी फाटलं असतं तर त्या सिलिंडरला लंगडलं असतं, बाकीच्यांचा ठेका राहिला असता.

मेकॅनिकला हे करून बघायला सांग, अर्ध्या तासाचं काम आहे. पुढच्या बँकेवरचं (म्हणजे सिलिंडरच्या पुढच्या रांगेवरचं) बेल्टचं वरचं कव्हर काढायचं, 10 एमएमचे बोल्ट असतात. बेल्ट वरून अखंड दिसला तरी फसायचं नाही, दात बहुतेक खाली क्रँकच्या गिअरपाशी जातात. सगळे स्पार्क प्लग काढायचे आणि क्रँक पुलीला पाना लावून हाताने, नेहमीच्या दिशेने, हळू फिरवायचं आणि कॅमची पुली हलते का बघायचं. हाताला अडलं की तिथेच थांबायचं, जोर करायचा नाही. प्लगच्या भोकातून पाणी आलं तर माझं सगळं म्हणणं रद्द, मग गॅस्केट. प्रेशर टेस्टर ऑटोझोनसारख्या दुकानात डिपॉझिट भरून उसना मिळतो, पण तुझं कूलंट कुठून गेलं ते डोळ्याला दिसतंय, त्यामुळे त्याची घाई नाही.

सॅन रमोनकर, सोमवार

काका, म्हणजे नवा बेल्ट टाकला की काम झालं ना?

सनीव्हेलचे काका, सोमवार

झालं असतं तर पेढे वाटले असते. हे इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचं आहे, म्हणजे पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत येऊ शकतात, वेळ चुकली की टक्कर. चालत्या गाडीत बेल्ट गेला म्हणजे व्हॉल्व्ह वाकलेलेच धर. त्यामुळे नवा बेल्ट घालायच्या आधी लीक-डाउन टेस्ट: कॅम फिरवून एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणायचे, त्यात दाबाची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. इनटेकमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. शिवाय ॲल्युमिनियमचं हेड इतकं तापलंय, ते सरळ राहिलंय का हे पट्टी आणि फीलर गेज लावून मोजावंच लागेल, 0.05 मिलिमीटरच्या वर वाक असला की बऱ्याच हेडना फेसिंग (घासून सपाट करणं) लागतं.

फ्रिमाँटकर, गुरुवार

अपडेट. कॅमची पुली हलत नाही. बेल्ट वरून अगदी नवा दिसतो, खाली क्रँकपाशी हातभर दात गायब, आणि वॉटर पंप हाताने फिरतच नाही, जाम. मागच्या मालकाने बेल्ट बदलल्याचा कागद दिला होता त्यात पंपाचं नावच नाही, नुसता बेल्ट बदललेला, पंप मूळचा. लीक-डाउनला दोन्ही बँकांमधून इनटेककडे हवा येते. दोन्ही हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलणं, फेसिंग, सगळं मिळून जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीच्या वर जातो. दुसरा पर्याय म्हणजे जंकयार्डातलं वापरलेलं इंजिन, ते बरंच स्वस्तात पडतंय आणि सहा महिन्यांची वॉरंटी देतायत. बाकी गाडी ठणठणीत आहे, ट्रान्समिशन चांगलं आहे, मन होत नाही टाकायला. काय करू?

सनीव्हेलचे काका, गुरुवार

इंजिन घे. पण माइलेजचा लेखी कागद माग, आणि लीक-डाउन तू पैसे द्यायच्या आधी त्यांच्या स्टँडवर करून घे. ते इंजिन गाडीत चढवायच्या आधी, बाहेर जमिनीवर असतानाच त्याला नवा बेल्ट, पंप, टेंशनर, आयडलर, थर्मोस्टॅट आणि पुढचं क्रँक सील घालून घे, तेव्हा हात पोचतो म्हणून मजुरी नावाला लागते, तेच गाडीत बसल्यावर करायचं तर दिवस मोडतो. रेडिएटर फ्लश करायला सांग, होज दाबून बघ, मऊ पडलेले असतील तर तेही. आणि पंप बदलल्याचं बिलात वेगळं लिहून घे.

मिलपिटासची वहिनी, गुरुवार

शनिवारी आम्ही बेकर्सफील्डवरून जातोय, चौकटी आमच्या गाडीत घेते. साडेदहापर्यंत गराज उघडं ठेवायला सांगा.