फिप्स घराण्याचा पोलादी पैसा: दान की देणं?

माळरान
हेन्री फिप्स हा अमेरिकन पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा बालमित्र आणि भागीदार. वडील जोडे शिवायचे. १९०१ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गनने त्यांची कंपनी कार्नेगी स्टील ४८ कोटी डॉलरला घेतली, तेव्हा फिप्सच्या वाट्याला सुमारे ५ कोटी आले. ते सांभाळायला १९०७ मध्ये त्याने बेसेमर ट्रस्ट काढला. नाव पोलादाच्या बेसेमर पद्धतीवरून, पण पुढच्या पिढ्या ओळखल्या गेल्या त्या पोलो आणि शर्यतीच्या घोड्यांमुळे. माझ्या मते अशा वारशावर जबर कर हवा. खुद्द कार्नेगीने १८८९ मध्येच हे लिहून ठेवलंय.

काळी माती
साफ असहमत. आमच्या शेतात 'पुसा सावनी' भेंडी होती, वडील बियाणं जपून ठेवायचे. त्यातल्या 'पुसा'ची गोष्ट माहीत आहे का? फिप्सने लॉर्ड कर्झनकडे ३०,००० पौंड दिले, त्यातून १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा गावी शेती संशोधन संस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपात इमारत गेली, संस्था दिल्लीला हलली, गावाचं नाव सोबत गेलं. न्यूयॉर्कमध्ये कामगारांच्या घरांसाठी त्याने १० लाख डॉलर दिले, फिलाडेल्फियात क्षयरोगासाठी संस्था काढली. सरकारने कर घेऊन हेच केलं असतं, याची खात्री कोण देणार?

हातोडा
@काळी माती, भेंडी खरी, पण पैसा आला कुठून तेही बघा. १८९२, होमस्टेड, कार्नेगीचा पोलाद कारखाना. मजुरी कापायची म्हणून कामगारांना कारखान्याबाहेर ठेवलं, नदीतून पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीचे ३०० शिपाई आणले. दोन्हीकडची माणसं मेली. संघटना मोडली आणि बारा तासांची पाळी पुढे १९२३ पर्यंत चालली. ज्याच्या हक्काची मजुरी कापली, त्यालाच पुढे घर बांधून देणं याला मी दान म्हणणार नाही.

काळी माती
होमस्टेडचा कारभार कार्नेगीचा दुसरा भागीदार फ्रिक याच्याकडे होता, फिप्सकडे नाही. आणि नातवंडांनी तर तो कारखाना चालवलाच नाही. आज्याच्या पापाचा हिशेब त्यांच्याकडून का मागायचा?

माळरान
पापाचा नाहीच मागत. पण नफा वारशाने घ्यायचा आणि त्यामागची गोष्ट मात्र आज्याची म्हणायची, हे मला पटत नाही. कारभार फ्रिकचा असला तरी हिस्सा फिप्सचाही होता. पुसाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, ते काम मोठंच. पण ते पैसे त्याने जिवंतपणी, स्वतःच्या खिशातून दिले. माझा आक्षेप ट्रस्टमध्ये राहिलेल्या पैशाला आहे.

हातोडा
+१. पिट्सबर्गमध्ये त्याने शहराला दिलेलं काचघर १८९३ मध्ये उघडलं. होमस्टेडच्या पुढच्याच वर्षी.