वकील आमदार झाला की अशिलानं कुठं जायचं?

बांधावरचा : काल इथं फोरमवर एकानं लिहिलं, "मराठवाडा तालुक्यातालुक्याच्या वकिलांनी घडवला, आता वकील आमदार उरले नाहीत म्हणून ही दशा." वाचून डोकं उठलं. आमच्या बांधाची दिवाणी केस ज्यांच्याकडं होती ते वकीलसाहेब आमदार झाले. मग मार्चात मुंबईचं अधिवेशन, पावसाळ्यात पुन्हा मुंबई, डिसेंबरात नागपूर. उरलेल्या दिवसांत लग्नं, मयती, उद्घाटनं. कोर्टात ज्युनिअर उठायचा अन् तारीख मागायचा. वडील गेले, केस चालूच. दुसरा वकील बघावा तर वकीलपत्र कोणी घेईना, आमदाराशी वाकडं कोण घेणार? घडवला म्हणे!

तेरणाकाठ : एकावरून सगळ्यांना झोडपू नका. शंकरराव चव्हाण वकिलीच शिकलेले. नांदेडचे नगराध्यक्ष, पुढं मुख्यमंत्री. शिवराज पाटील चाकूरकर लातूरला वकिली करत नगरपालिकेत गेले, तिथून विधानसभेत, १९७८ ला अध्यक्ष. निजामाच्या काळात कोर्टाचा कागद उर्दूत. तो वाचून दाखवायला गावात होतं कोण? १९५० चा कूळ कायदा आला तेव्हा लोक वकिलाच्याच ओसरीवर बसले होते.

मुन्शीची लेक : बसले होते, पण कोण? कुळं पायरीवर, मालक आत गादीवर. कायदा चुकवायचा कसा हे आत ठरायचं. माझे वडील अशाच एका साहेबांकडं मुन्शी. साहेब निवडून आले अन् टेबलावर फायलींच्या जागी बदल्यांचे अर्ज आले. अर्ज वडिलांनीच लिहायचे, रात्री अकरापर्यंत. पगार? आमदारकीच्या आधी होता तोच.

काळा कोट : ताई, दुखणं कळलं. पण आमदारानं वकिली करू नये असा कायदा नाही. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला सांगितलंय, आमदार पूर्णवेळ पगारी नोकर नसतो, म्हणून त्याला कोट चढवता येतो.

बांधावरचा : पूर्णवेळ नसतो हे कोर्टानंच सांगितलं, लई उपकार झाले! आमदार म्हणून पूर्णवेळ नाही, वकील म्हणूनबी नाही. मग साहेब दिवसभर करूलालेत काय?

तेरणाकाठ : जायकवाडी कोणी आणली मग? मुंबईत भांडणारा माणूस होता म्हणून पैठणला १९६५ ला धरणाची पायाभरणी झाली.

प्रवरेचा पाहुणा : आणली ना, अन् आमच्या उरावर बसवली! टंचाई आली की वरच्या धरणांतून आमचं पाणी सोडायचं, अन् तुम्ही ते बिअरच्या कारखान्यांना द्यायचं.

तेरणाकाठ : "आमचं" म्हणजे? २००५ चा समन्यायी पाणीवाटपाचा कायदा वाचा. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असली तर वरून सोडायचं, पाणीवाटपासाठी सरकारनं नेमलेल्या मेंढेगिरी समितीचा हिशोब आहे हा. भीक नाही. अन् तेवढ्यासाठीबी कोर्टात जावं लागतं.

काळा कोट : म्हणजे शेवटी वकीलच लागला!

मुन्शीची लेक : लागला, पण कोर्टात उभा राहणारा. फीत कापणारा नाही.

तेरणाकाठ : बरं बाई, तुमचं खरं. पुढच्या वेळी दहावी नापास निवडून देऊ, तो तरी घरी सापडेल.

प्रवरेचा पाहुणा : पाण्याचं बोला हो. पाणी नाही म्हणता अन् मांजरा नदीकाठी ऊस कुणी लावला? आम्ही?

बांधावरचा : अन् तुमच्याकडं काय ज्वारी आहे काय? आधी तुमच्या उसाला ठिबक लावा.

प्रवरेचा पाहुणा : आमच्याकडं लावलंय. यंदा बघायला या, येताना सातबारा आणा.

बांधावरचा : सातबारा कोर्टात आहे म्हणूनच धागा काढला ना, राजेहो!