घरचे खाजगी कागद गूगल ड्राइव्हवर कुलूप लावून कसे ठेवायचे?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. मी चिपळूणची. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती आणि कागदांची ट्रंक त्या खुणेच्या हातभर वर, फळीवर ठेवलेली. २२ जुलै २०२१ ला पाणी फळीच्याही वर गेलं. नंतर आठवडाभर आम्ही कागद दोरीवर वाळत घालत होतो, कपड्यांसारखे चिमटे लावून. आईच्या हातची दोन पत्रं सोडवायला गेले तर हातात नुसता लगदा आला.

वाचलेलं सगळं स्कॅन करायचं हे तेव्हाच ठरवलं, केलं मात्र आत्ता. आधी एका झेरॉक्सवाल्याकडे गेले होते. त्याच्या कॉम्प्युटरवर समोरच लोकांची आधार कार्डं, पॅन, कुणाचा तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट, सगळं उघडं पडलेलं. माझा नंबर यायच्या आत पिशवी उचलून घरी आले आणि फोनवरच स्कॅन केलं. १४० पीडीएफ झाल्या.

गूगल ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या फुकट १५ जीबीत, हे सहज मावेल. पण माझं खातं घरच्या टीव्हीवर चालू आहे, आणि भाचा ज्या जुन्या फोनवर गेम खेळतो त्यावरही. फायलींत सातबारा, पॉलिसी आहेत तशीच माझ्या ऑपरेशनची फाइल आहे, कौटुंबिक न्यायालयातले कागद आहेत. ते भाच्याने किंवा वहिनीने वाचलेले मला चालणार नाहीत. हॅकरचं नंतर बघू. मी शाळेत क्लार्क होते, एक्सेल येतं, त्यापुढे फारसं नाही. काय करू?

सरळमार्गी
ताई, एवढं काय घेऊन बसलात? गूगल सगळं एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करूनच ठेवतं. फारच वाटलं तर पीडीएफला पासवर्ड लावा. आधारच्या पीडीएफला असतोच की.

जुना कळफलक
सरळमार्गी, आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. आत्याचं नाव आणि वय भाच्याला ठाऊक नसेल होय?

गूगल एन्क्रिप्ट करतं हे खरं, पण किल्ली गूगलकडेच असते. खातं उघडं सापडलं की समोर कोण बसलंय हे न बघता फाइल उघडून मिळते. ताईंचा प्रश्न नेमका तोच आहे. तेव्हा कुलूप आपल्या लॅपटॉपवरच लागलं पाहिजे, आणि वर जायला फक्त बंद पेटी.

मी क्रिप्टोमेटर नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. जर्मनीतल्या लोकांनी केलेलं, कोड सगळ्यांना बघायला खुला, लॅपटॉपवर फुकट. गूगल ड्राइव्हचं लॅपटॉपवरचं ॲप टाकायचं, त्याच्या फोल्डरमध्ये क्रिप्टोमेटरला एक तिजोरी बनवायला सांगायची, पासवर्ड द्यायचा. उघडलीत की तिजोरी पेन ड्राइव्हसारखी वेगळी दिसते. त्यात फायली टाका, काम झालं की बंद करा. ड्राइव्हवर कुणी डोकावलं तर अगम्य नावांच्या फायलींची रास दिसेल. नावंसुद्धा झाकली जातात, हे महत्त्वाचं, कारण ‘ऑपरेशन’ एवढं नाव वाचलं तरी वहिनींना पुरेसं. फायली साधारण किती आणि केवढ्या, एवढं मात्र बाहेरून कळतं.

व्हेराक्रिप्ट हे अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअरही चांगलं आहे, पण त्यात सगळं एकाच मोठ्या फायलीत जातं. शिवाय आत बदल केला तरी बाहेरच्या फायलीची तारीख ते मुद्दाम जुनीच ठेवतं. मग ड्राइव्हला बदल झाल्याचा पत्ताच लागत नाही आणि वर शिळी प्रत बसून राहते. ते सेटिंग बदलता येतं, पण मला कळेपर्यंत माझे दोन महिने गेले होते. क्रिप्टोमेटर प्रत्येक फाइल वेगळी बंद करतं, म्हणून बदललेली तेवढीच वर जाते. आपल्याकडच्या नेटला ते बरं.

आता एक विचारतो. स्कॅन फोनच्या कॅमेऱ्याने केलंत ना? फोटोंचा बॅकअप चालू असेल तर त्या पानांचे फोटो केव्हाच वर गेलेत, आणि टीव्हीवर खातं चालू आहे म्हणता. आधी तिकडे बघा. नुसतं डिलीट करून भागत नाही, कचऱ्याची टोपलीही रिकामी करा. ड्राइव्हच्या टोपलीत फाइल ३० दिवस पडून असते, फोटोंच्या टोपलीत ६० दिवस.

वाशिष्ठीकाठ
बघितलं. होते! ऑपरेशनच्या फाइलची अकरा पानं, गणपतीच्या फोटोंच्या मधोमध. टीव्ही स्क्रीनसेव्हरला फोटो दाखवतो आमचा. अंगावर काटाच आला. सगळं काढलं, टोपली रिकामी केली, टीव्ही आणि जुन्या फोनवरून खातंही काढून टाकलं. भाचा रुसलाय.

पण आता दुसरीच भीती. क्रिप्टोमेटरचा पासवर्ड मीच विसरले तर?

विसराळू विनू
तर संपलं. ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नसतं तिथे. माझंच सांगतो. २०१३ साली मुलीच्या बारशाचे फोटो आणि व्हिडिओ सेव्हन-झिपमध्ये (फायली एकत्र बांधायचं सॉफ्टवेअर) पासवर्ड लावून ठेवले. पासवर्ड इतका सोपा होता की लिहून ठेवायची लाज वाटली. ती ३.८ जीबीची फाइल अजून आहे माझ्याकडे, दर नव्या लॅपटॉपवर कॉपी करतो. बायकोचं, मुलीचं, गल्लीतल्या कुत्र्याचं, सगळी नावं घालून पाहिली. मुलगी आता विचारते, बाबा, माझ्या बारशाचा एकही फोटो कसा नाही?

जुना कळफलक
विनूभाऊ, वाईट वाटलं. ताई, तिजोरी बनवताना ‘रिकव्हरी की बनवू का’ असं विचारलं जातं, तिथे हो म्हणा. ४४ इंग्रजी शब्दांची माळ मिळते. ती कागदावर छापायची. पासवर्ड विसरलात तरी त्या शब्दांनी नवा लावता येतो. पण तो कागद ज्याच्या हाती, त्याच्या हाती तिजोरी. त्याचा फोटो काढू नका, नाहीतर परत टीव्हीवर दिसेल!

पासवर्डसाठी सापशिडीचा फासा घ्या. ७७७६ शब्दांची डाइसवेअर नावाची यादी नेटवर मिळते. पाच वेळा फासा टाकला की आलेल्या पाच आकड्यांसमोरचा एक शब्द. असे सहा शब्द काढा. ते एकमेकांशी विसंगतच निघतात, पण चार दिवस रोज टाइप केले की बोटांना पाठ होतात. अभंगाची ओळ किंवा गाण्याचा मुखडा नको, तो सगळ्यांनाच पाठ असतो.

निवृत्त रोखपाल
मी बँकेत ३१ वर्षं काढली, लॉकरही सांभाळले. म्हणून जरा वेगळं बोलतो. १४० फायली तिजोरीत कशाला? आधार, पॅन, लायसन डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये मूळ खात्याकडूनच येतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी या सरकारी साइटवर १५ रुपयांत मिळतो. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. जे परत मिळणार नाही आणि जे कुणी बघू नये, तेवढंच तिजोरीत ठेवा. बाकीच्याला साधं फोल्डर पुरे.

दुसरं, तुमच्यानंतर हे कोण उघडणार? विषय कडू आहे, पण लॉकरच्या दारात भांडणारे वारस मी पाहिलेत. गूगलमध्ये इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे. तुम्ही ठरवाल तितके महिने, तीन ते अठरा, खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवतात आणि हवं तर फायलीही देतात. पण त्या बंदच असतील. म्हणजे त्या माणसापर्यंत ४४ शब्दांचा कागदही पोचला पाहिजे. आणि तोवर पोचता कामा नये.

वाशिष्ठीकाठ
दोन आठवडे गेले, म्हणून कळवते.

रोखपालकाकांच्या चाळणीने १४० च्या २७ राहिल्या. सातबाऱ्यासाठी मी उगाच जीव टाकत होते. राहिलं ते ऑपरेशन, कोर्ट, माझं मृत्युपत्र आणि आईची उरलेली पत्रं. पत्रांत गुपित काही नाही, पण ती तिजोरीतच ठेवली.

फासा टाकून सहा शब्द काढले. त्यातला एक मला उच्चारता येत नाही, पण टाइप होतो. कळफलकदादा, तुम्ही सांगितलं नव्हतंत तरी एक केलं. जुन्या फायली पुसण्याआधी डोंबिवलीला मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तिजोरी उघडून बघितली. पहिल्यांदा उघडलीच नाही, ड्राइव्ह पूर्ण खाली यायच्या आत मी घाई केली होती. चहा झाल्यावर उघडली. सगळ्या २७ वाचता आल्या. मग तिच्या लॅपटॉपवरून ड्राइव्ह काढलं आणि खात्यातून बाहेर आले.

गूगलमध्ये माणूस म्हणून मैत्रिणीचंच नाव घातलंय, सहा महिन्यांवर. ४४ शब्दांचा कागद बंद पाकिटात, पाकीट जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी पेणला माझ्या धाकट्या बहिणीकडे. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. पाकिटात काय आहे ते तिला सांगितलेलं नाही, फक्त कधी आणि कुणाच्या हाती द्यायचं ते सांगितलंय. ‘दागिने आहेत का गं?’ म्हणून दोनदा फोन येऊन गेला.